गोंदबाईंचा पापुद्रा

मी त्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं टाक्या सांभाळल्या. खाऱ्या पाण्याच्या नऊ टाक्या, प्रत्येकीत एक ऑक्टोपस. पाण्यात मीठ किती, गारवा किती, हवा नीट जातेय का, आणि मुख्य म्हणजे झाकणावर वीट आहे का, हे बघायचं. वीट नसली की जनावर झाकण उचलून बाहेर. आठ हात, आणि चोरीच्या वेळी आठही उजवे. शिकायला येणारी मुलं मला टाकीमामा म्हणत. तिथल्या संशोधक मॅडमना पाठीमागे गोंदबाई म्हणत, आणि मॅडमना ते पक्कं ठाऊक होतं.

त्या आल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. पहिल्याच दिवशी बाही सारून त्यांनी तिसऱ्या टाकीत हात घातला. जनावराने मनगट धरलं.

"ओढू नका, जास्त आवळतं," मी म्हटलं.

"ओढत नाहीये मामा, मोजतेय."

पाऊण तास उभ्या होत्या. हात सुटला तेव्हा कोपरापर्यंत गोल गोल लाल वळ उठले होते आणि बाई खुशीत. त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

पहिली तीन वर्षं त्यांनी या जनावराच्या नसांवर काढली. ऑक्टोपसचा मेंदू नुसता डोक्यात नसतो, अर्ध्याहून जास्त हातांत वाटलेला असतो. तुटून पडलेला हातसुद्धा तासभर वस्तू धरतो. सापडेल त्याला चिकटतो, पण स्वतःच्या जनावराच्या कातडीला मात्र चिकटत नाही. हे कसं होतं, कातडीतून हातावरच्या चिकट वाट्यांना काय सांगावा जातो, यावर त्यांचे निबंध छापून आले. देशोदेशीचे लोक ते वाचत, पत्रं लिहीत. आमच्या संचालकसाहेबांनी मात्र वार्षिक बैठकीत विचारलं, "छान आहे. पण याचा उपयोग काय?"

"अजून माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

हे खरं नव्हतं. उपयोग त्यांच्या आईच्या घरातच बसला होता.

त्यांची धाकटी बहीण त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. अकराव्या वर्षी शाळेत फळ्यापुढे उभी असताना तिला पहिली फिट आली, आणि मग येतच राहिल्या. चार प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी हिरड्या सुजत, झोप येई, फिट मात्र आठवड्याला दोन-तीन ठरलेल्या. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो न्हाणीघराची आतली कडी उखडून टाकायला. टेबलाचे, ओट्याचे, खिडकीच्या कठड्याचे सगळे कोपरे जाड स्पंज लावून मीच गुंडाळले. घरात काचेचा पेला म्हणून नव्हता. वडील लवकर गेलेले. आई, म्हणजे मॅडमच्या आई, कुठेही बसल्या तरी एक कान धाकटीच्या खोलीकडे. वीस वर्षांत त्या बाईंनी कुणाचं बोलणं धड दोन्ही कानांनी ऐकलं नसेल.

पण धाकटी म्हणजे हसरा जीव. एका छापखान्यासाठी घरी बसून मुद्रितं तपासायची. चूक तिच्या नजरेतून सुटत नसे. एकदा मॅडमच्या अर्जात "मेंढीच्या मेंदूवरील प्रयोग" याचं "मेंदूच्या मेंढीवरील प्रयोग" झालं होतं. तो कागद नाचवत ती मला म्हणाली, "मामा, ही मेंढी आधी शोधून द्या, मग ताईला पैसे मिळतील!" पुढे महिनाभर ती मॅडमना फोनवर "काय गं, सापडली का मेंढी?" असंच विचारायची.

तिचा आजार कापून काढता येण्यासारखा होता. मेंदूत फिट जिथून सुरू होते ती जागा नेमकी सापडायला हवी, एवढंच. त्यासाठी कवटी उघडून मेंदूवर तारांची चकती ठेवतात आणि काही दिवस वाट बघतात. पण चकती ताठ, मेंदू मऊ, ओला, वळ्यावळ्यांचा. ओल्या साबणावर पत्र्याचा तुकडा ठेवावा तशी ती सरकायची. धाकटीचं सव्विसाव्या वर्षी हेच झालं. डोकं उघडलं, चकती सरकली, काही कळलं नाही, डोकं शिवलं. केस परत यायला वर्ष लागलं.

मॅडमनी जनावराच्या हाताची नक्कल करायला घेतली ती त्यानंतर. रबरासारखा मऊ पदार्थ, लसणीच्या सालीएवढा पातळ, खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या वाट्या, आत केसाहून बारीक तारा. ओल्यावर ठेवला की आपसूक बसायचा, वळ्यांत शिरायचा, हलायचा नाही. आम्ही त्याला पापुद्रा म्हणायचो. हा असा पापुद्रा हाती यायला नऊ वर्षं गेली. पहिले तर चिकटतच नव्हते. मग असे चिकटले की सुटेनात. एक माझ्या तळहातावर तीन दिवस होता.

मग मेंढ्यांवर चाचणी झाली. चाळीस मेंढ्या. पापुद्रा सगळ्यांवर झकास बसला. काढताना मात्र दोघींच्या मेंदूवरची बारीक रक्तवाहिनी त्याच्याबरोबर सोलली गेली. एक लंगडायला लागली, एक मेली. मॅडमनी यातलं काहीही लपवलं नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. समितीपुढे आकडे जसेच्या तसे ठेवले. समितीने विचार केला, जोखीम पटली, आणि बारा माणसांवर लावून बघायला परवानगी दिली.

रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मॅडमनी लिहिलं आणि तपासायला धाकटीकडे नेलं. मी तेव्हा तिथे गळका नळ बसवत होतो. धाकटीने लाल पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली.

"ताई, 'धोका नगण्य आहे' म्हणजे? नगण्य कुणाला?"

"सगळे असंच लिहितात गं."

"लिहू देत. तू लिही, चाळीसपैकी दोन मेंढ्यांना इजा झाली. माणूस मोजेल स्वतःचं स्वतः."

मॅडमनी तसं लिहिलं. पत्रक पुढे सगळ्यांना गेलं ते धाकटीच्या त्या वाक्यासकट. कागद परत देताना ती म्हणाली, "आता मलाही मोजून झालंय. मला घे त्या बारांत."

मॅडम कागद चाळत राहिल्या. "नियमात बसत नाही. बनवणाऱ्याच्या नात्यातलं माणूस चालत नाही."

आई दारातच उभ्या होत्या. "असला कसला नियम?"

"असतो आई."

धाकटीने पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाली, "नियम म्हणजे नियम. छापून आलंय म्हटल्यावर मी कोण बोलणारी?" आणि पुढचा गठ्ठा उघडला.

पुढचं मला त्याच आठवड्यात कळलं. चाचणीचे सर्जन प्रयोगशाळेत आले, चांगला उंच, मोकळ्या मनाचा माणूस. मी टाकी धूत होतो. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीची केस मी पाहिली. यासाठीच केल्यासारखी आहे. नातं जाहीर करायचं आणि निवडीत तुम्ही पडायचं नाही, एवढंच. निवड दुसरा डॉक्टर करेल. या पत्रावर तुमची सही हवी फक्त."

"बघते," मॅडम म्हणाल्या आणि पत्र खणात ठेवलं. सर्जनने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा मॅडमनी तेच सांगितलं, "बघते." मग बारा नावं भरली आणि विषय मिटला.

मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं. पण टाकीवाल्याने मॅडमच्या खणात नाक कशाला खुपसायचं, असं तेव्हा वाटलं.

चाचणी सुरू झाली. आठ महिन्यांत बाराही जणांना पापुद्रा लावून काढला. अकरा जणांची जागा नेमकी सापडली, डोकं दुसऱ्यांदा उघडावं लागलं नाही, आणि नऊ जणांच्या फिट पुरत्या थांबल्या. सातव्याच्या वेळी पापुद्रा सोलताना वाहिनी फुटली. त्याच्याही फिट थांबल्या, पण डावा हात गेला. संस्थेत पेढ्यांऐवजी आकडे वाटावेत तसे सगळे आकडे सांगत फिरत होते. संचालकसाहेबांना आता उपयोग कुणी विचारावा याचीच वाट होती.

नवव्या महिन्यात एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनला, मॅडमचा फोन वाजला. आई दूध आणि गोळ्या आणायला खाली गेल्या होत्या. दुकानात गर्दी होती, पाऊण तास लागला. परत आल्या तर धाकटी गादीवर पालथी, हाताखाली मुद्रितांचा गठ्ठा. लाल पेन्सिल पलंगाखाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, फिट आली असणार, तोंड गादीत दाबलं गेलं. ती छत्तीस वर्षांची होती.

मी आणि मॅडम रिक्षाने गेलो. वाटेत त्या एकच बोलल्या, "मामा, सातव्या टाकीचं पाणी बदलायचं राहिलंय." मी हो म्हटलं.

चौथ्या दिवशी घरी माणसं भेटायला येत होती. मी आत चहा करत होतो, आई खुर्चीत, मॅडम जमिनीवर भिंतीला टेकून. सर्जन आले. त्या माणसाला खरंच वाईट वाटत होतं. डोळे पुसत म्हणाले, "मी तरी किती म्हणत होतो यांना. पत्र तयार होतं. एक सही केली असती तर ती आज..." आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं.

आईंनी मान वळवली. आता ऐकायला दुसरीकडे काही उरलं नव्हतं.

"कसलं पत्र?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच खिळलो.

"नियम होता ना? नात्यातलं चालत नाही, असा?"

मॅडम म्हणाल्या, "नियम आड नव्हता आई. मी आड आले."

"का?"

"भीती वाटली. चाळीसपैकी दोन. ती त्या दोघींतली निघाली असती तर?"

आई खुर्चीत पुढे सरकल्या. मग अगदी हळू विचारलं, "आणि त्या बारा जणांची नाही वाटली भीती?"

सर्जन चप्पल घालून निघून गेले. मी ट्रे ओट्यावर ठेवला.

त्या दिवसापासून आई मॅडमशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दर रविवारी मॅडम जात, आई दार उघडत, ताट वाढत. पण जे सांगायचं ते भिंतीला किंवा मला. "मामा, कुणाला भात हवा असेल तर विचारा." समोर बसलेल्या लेकीला "कुणाला". कोपऱ्यांवरचा स्पंज आईंनी काढू दिला नाही. मी एकदा हात लावला तर म्हणाल्या, "राहू द्या. मला कुठे नवे कोपरे हवेत."

मॅडम चार महिने कामावर आल्या नाहीत. आल्या तेव्हा केस पांढरे झाले होते. पहिल्या दिवशी टाक्यांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "मामा, मला त्या बारा जणांना भेटायचंय. मी त्यांची डोकी आतून पाहिली आहेत. तोंडं पाहिली नाहीत."

रुग्णालयाने रीतसर विचारणा केली. दहा जण हो म्हणाले. मी सोबत जायचो. बहुतेक ठिकाणी आमची आरती ओवाळायचीच बाकी राही. एक मुलगी पहिल्यांदा एकटी पोहायला गेली होती, तिच्या वडिलांनी मॅडमचे पाय धरले. मॅडम तिथून खाली आल्या आणि जिन्यातच बसल्या, दहा मिनिटं उठल्या नाहीत.

सातवा माणूस कपड्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. होता, म्हणजे आधी. कापडाचे थर डाव्या हाताने दाबायचे, उजव्याने यंत्र फिरवायचं, असं ते काम. आता त्याच कारखान्याच्या दाराशी बसून गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्हाला भेटला. डावा हात मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

"फिट थांबल्या," तो म्हणाला. "हात गेला. फायदा की तोटा, रोज सकाळी वेगळं उत्तर येतं. कागदावर सगळं लिहिलं होतं, तुम्हाला दोष नाही. चाळीसपैकी दोन. मी मोजलं होतं."

"ते वाक्य माझ्या बहिणीचं," मॅडम म्हणाल्या.

"बरं केलं तिने. बाकी सगळं डोक्यावरून गेलं, तेवढं कळलं." मग त्याने सहज, अगदी सहज विचारलं, "एक सांगा बाई. तुमच्या घरचं कुणी असतं, तर लावला असता?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा. एक शब्द आहे, म्हणून टाका.

"होती," मॅडम म्हणाल्या. "तिने मागितला होता. मी नाही लावला. ती गेली."

आत भोंगा वाजला, माणसं यंत्रांकडे परतू लागली. मास्तर उठला, उजव्या हाताने डावा उचलून खिशात घातला.

"म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," तो म्हणाला. रागाने नाही, दमून. "आणि बाब्या गेला, कार्टं राहिलं. जा बाई आता. मला चिठ्ठ्या लावायच्यात."

पुढच्या बैठकीत मॅडमनी समितीपुढे मागणी केली की माहितीपत्रकात एक ओळ वाढवा: हा पापुद्रा बनवणारीने तो स्वतःच्या बहिणीला लावू दिला नव्हता. समितीत खुसफुस झाली. अध्यक्ष म्हणाले, ही भावना आहे, माहिती नव्हे. एक सभासद म्हणाले, यांना विश्रांतीची गरज आहे. ओळ वाढली नाही. नियमाप्रमाणे त्यांचंच बरोबर असेल. पण धाकटीच्या हातात तो कागद पडला असता तर तिने काय केलं असतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मग मॅडमनी सगळं सोडून एकच धरलं: सोडवायचं कसं. जनावर धरतं तेवढंच हलक्याने सोडतं. वाटीच्या तळाचा बारीक स्नायू ढिला होतो आणि पकड आपोआप निघते. पापुद्र्याला तसं करायला शिकवायचं होतं. वरून ठराविक मिठाचं पाणी सोडलं की प्रत्येक वाटी स्वतःहून सुटली पाहिजे, सोलावं लागता कामा नये. यात सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत त्या एकाही परिषदेला गेल्या नाहीत, कुणाचा सत्कार घेतला नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कटिंग मास्तरकडे जात आणि त्याच्या हाताचा व्यायाम घेत. पहिल्यांदा त्याने दारातूनच परत पाठवलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा म्हणाला, "या. नाहीतरी तुम्ही चिकटच." दोन बोटं थोडी हलू लागली. त्यापुढे काही नाही.

नवा पापुद्रा साठ मेंढ्यांवर लावला, साठही मेंढ्यांवरून काढला. एकीलाही ओरखडा नाही. आता तो कितीतरी रुग्णालयांत वापरतात. कंपनीच्या माणसाने एकदा आकडा सांगितला, चार हजारांच्या वर. संस्थेने "आपल्या संशोधनाचा समाजावरील प्रभाव" असा तक्ता भरायला दिला, तेव्हा मॅडमनी तो आकडा लिहिला, खाली तीन ओळींची जागा उरली होती ती कोरी ठेवली आणि सही केली. संस्थेने तो तक्ता काचेत घालून जिन्यात लावलाय.

आई गेल्या वर्षी अंथरुणाला खिळल्या. मॅडम त्यांच्याकडेच राहायला गेल्या. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्याने पेज, सगळं त्याच करत. आई डोळे मिटून करून घेत. बोलणं अजूनही माझ्याशी. मी नसलो की कुणाशीच नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "आई, किती वर्षं झाली. आता बोला की मॅडमशी."

"मला राग नाही हो तिचा," त्या म्हणाल्या. "तिच्या जागी मीही तेच केलं असतं, हे मला पहिल्या दिवसापासून कळलंय. म्हणून तर तोंड उघडवत नाही."

मी हे मॅडमना सांगितलं नाही. सांगावं की नाही, यावर मी महिनाभर झुरत होतो. मग सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "मामा, पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकू येतं."

शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी औषधं घेऊन गेलो. आई डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या, मॅडम पायथ्याशी. आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ लेकीकडे बघून म्हणाल्या, "खिडकी लाव गं. वारा लागतोय."

मॅडम उठल्या. खिडकी लावली. परत येऊन बसल्या आणि आईंच्या पायांवर चादर ओढली. आई तीन दिवसांनी गेल्या. खिडकीच्या त्या वाक्यानंतर त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या.

मी निवृत्त झालो. टाक्या आता पाचच उरल्यात, दुसरा माणूस सांभाळतो. मॅडम रोज जातात, दुपारी डबा खाऊन परत कामाला बसतात. परवा फोन केला होता. मास्तरची नोकरी गेलीय, त्याच्यासाठी एका हाताने होईल असं काही काम कुठे आहे का, विचारत होत्या. मी म्हटलं, बघतो.